सगळे मुक्काम रोडाजवळ

हे लिवणार नव्हतो. दोनदा टाईप केलं अन दोनदा मिटवलं. गोष्ट माही नाही, भूपेंद्रची आहे, म्हणून त्याले विचारलं. तो म्हणे, लिव, पण मले वाचून दाखवू नको. तेवढ्यावर लिवून राहिलो. दुकानात बसून मोबाईलवरच टाईप करतो, मधात गिऱ्हाईक आलं का थांबतो, त तुकड्या तुकड्यानं होईन. चालवून घ्या.

मी कमलेश. पवनीले माहं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. बारावीनंतर शिकलो नाही, जे येते ते व्हिडिओ पाहून येते. नकाशे बी तसेच शिकलो. फोनवर नकाशा उघडाचा, बोटानं रेघ वढाची, कुठं थांबाचं, कुठं जेवाचं, काय पाहाचं, सगळं त्यात टाकता येते. लोकं ट्रिपले जाताना माह्याकडून बनवून नेतात. म्हणून मनिषभाऊनं मले धरलं.

मनिषभाऊ म्हणजे हर्षाचा मोठा भाऊ. अन हर्षा म्हणजे भूपेंद्रची होणारी बायको. भूपेंद्र माहा शाळेपासूनचा दोस्त, आमच्या गल्लीतलाच. त्याच्या घरी हातमाग आहेत, त्याचे बाबा मोतीलालकाका कोशाच्या, म्हणजे रेशमाच्या, साड्यायचा धंदा करतात. जानेवारीत साक्षगंध झालं, लग्न मे महिन्यात.

मनिषभाऊ लाखनीचा. हायवेवर त्याचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. त्याच्या डोक्यात आलं का गाड्या त सगळेच चालवतात, आपण नावेची टूर काढू. आठवडाभराची, वैनगंगेवर. नागपूर-पुण्याचे लोक केरळात जाऊन नावेत झोपतात, त इथं काहून नाही झोपणार. धंदा सुरू कराच्या आधी एक डाव घरच्याच माणसायले घेऊन फिरून पाहाचं, अन त्यात जवाईबापू पाहिजेतच. आठ दिवस एका नावेत राहिलं का माणूस कसा आहे ते समजते, म्हणे.

तेच त भेव होतं.

भूपेंद्रले मिरगी आहे.

अकरावीत सुरू झाली. पहिल्यांदा आली तवा मी बाजूले होतो. लोकायनं त्याच्या नाकाले चप्पल लावली, कोणी कांदा आणाले पळालं. आता नागपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, अन दिवाळीपासून एकबी झटका नाही. डॉक्टरनं सांगतलं आहे का बाबू, झोप मोडाची नाही, दारूले हात लावाचा नाही, गाडी चालवाची नाही, अन पाण्यात एकटं जायाचं नाही. बाकी धंदा कर, लग्न कर, लेकरं होऊ दे.

डॉक्टरले लग्नात काही अडचण दिसली नाही. पण पवनीत डॉक्टरले कोण विचारते. ही गोष्ट त्याचे आईबाबा, लहान बहीण गुंजन अन मी, एवढ्यायलेच माहीत. साक्षगंधाच्या आधी मी म्हटलं होतं, पोरीवाल्यायले सांगून टाका. बेबीबाई काकू, त्याची आई, माह्याकडे अशा पाहत राहिल्या जसा मीच त्यायच्या घरावर गोटा फेकला. मले गुंजनचं बी कराचं आहे, एवढंच म्हणाल्या.

त मनिषभाऊचा फोन आला तवा भूपेंद्रले नाही म्हणता आलं नाही. होणारा साळा बोलावते अन नवरदेव नाही म्हणते, त लोक कारण शोधत बसतात. काकूनं आपल्या परीनं एक कारण काढलं. साक्षगंध झालेल्या पोरानं लग्नापर्यंत नदी वलांडाची नाही, आमच्या घरी असंच आहे, म्हणाल्या. चांगलं होतं. असे नेम आमच्याकडे घराघरात निघतात, कोणी तपासत नाही. पण काकू हे बोलल्या तवा मनिषभाऊ त्यायच्याच घरी येऊन बसला होता, त्यानं तिथंच स्पीकरवर आपल्या आजीले फोन लावला. शेवंताबाई आजीले सगळ्या घरायचे सगळे नेम पाठ. आजी हासतच सुटली. तिचा नवरदेव म्हणे डोंग्यात बसून नदी वलांडूनच आला होता, अर्ध वऱ्हाड भिजलं, अन नवरदेवाच्या जोड्यात मासोळी निघाली. काकू बी हासल्या. हासताना माह्याकडे पाहत होत्या.

मी भूपेंद्रले म्हटलं, ऐन वेळेवर ताप आला म्हणून सांग. तो ऐकेना. हर्षानं त्याले आंभोऱ्याच्या पुलावरून फोटो पाठवाले सांगतलं होतं. रोज बोलते तो तिच्यासंग, दहाच्या आत. म्हणे, कमलेश, मले एक डाव तरी सगळ्यायसारखं जाऊ दे.

मंग राहिलो मी अन माहा नकाशा.

मनिषभाऊनं सांगतलेला रूट असा होता. भंडाऱ्याजवळ कोरंभीच्या देवीपासून निघाचं. खाली आंभोरा, तिथं देऊळ, पूल, फोटो. मंग धरणाचं बॅकवॉटर, जिथं नदी राहतच नाही, सगळं पाणीच पाणी होऊन जाते अन मधात वाळलेली झाडं उभी, त्यावर पाणकावळे. तिथं बेटासारख्या उंचवट्यायवर तंबू टाकून मुक्काम. मंग गोसेचं धरण. तिथं नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवाची अन डाव्या नहरीत, म्हणजे कालव्यात, उतरवाची. नहरीनं हळूहळू, दोन्हीकडे धान. शेवटी आमची पवनी, जुना दरवाजा, स्तूपाची टेकडी, घाट, अन काकूच्या हातचं जेवण. धनीराम म्हणून एक मासेवाला आहे, त्याची इंजिनवाली नाव ठरली होती.

ऐकाले गजब होतं. मले बी जायाचंच होतं, खोटं काहून बोलू.

पण मी घरी बसून रूट बदलवला. बेटावरचे मुक्काम काढले. हरेक मुक्काम असा टाकला का किनाऱ्याजवळ डांबरी रोड पाहिजे, अन त्या रोडानं सरकारी दवाखाना लवकर भेटला पाहिजे. नहर पुरीच काढली. धरणापासून पवनी गाडीनं, असं करून टाकलं. कारणं बी तयार ठेवली. बेटावर साप राहतात. नहरीत नाव टाकाची परवानगी भेटत नाही.

रविवारी दुपारी मनिषभाऊ आला. भूपेंद्रच्या घरी वरच्या खोलीत बसलो. खाली माग चालू होते, खटखट वर येत होती. गुंजननं चहा आणला अन दारातच उभी राहिली, काकूनं आवाज दिला तवा गेली. मी नकाशा दाखवला. मनिषभाऊनं फोन हातात घेतला अन बोटानं मोठा-लहान करत बराच वेळ पाहत राहिला. तो हासतखेळत राहणारा माणूस, पण धंद्याच्या गोष्टीत त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

"कमलेश, ह्या टूरमधी नाव कुठं आहे बे?" तो म्हणे. "हे त एसटीचं टाईमटेबल वाटून राहिलं. सगळे मुक्काम रोडाजवळ."

मी सापाचं सांगतलं. तो म्हणे, रोडाजवळ साप राहत नाहीत का. परवानगीचं सांगतलं. ते माह्याकडे सोड, म्हणे. भूपेंद्र चहाचा कप धरून बसला होता, पेत नव्हता. मनिषभाऊ एकदा त्याच्याकडे पाहे, एकदा माह्याकडे. मंग उठला. चला, म्हणे, नहर पाहून येऊ, इथं बसून काय समजते.

गिऱ्हाईक आलं होतं. डिस्प्ले बदलून दिला. पुढं.

मनिषभाऊच्या गाडीनं निघालो. त्यानं चावी भूपेंद्रपुढं धरली, नवी गाडी आहे, पहिला हात जवाईबापूचा, म्हणे. भूपेंद्रनं डोळ्याच्या नंबराचं सांगतलं, चष्मा बनवाले टाकला आहे म्हणून. मनिषभाऊनं चावी परत घेतली. पण पुऱ्या रस्त्यानं आरशातून मांग पाहत होता.

उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं होतं, नहर भरून चालली होती. ज्यायनं नहर पाहिली नाही त्यायले सांगतो. नदीले काठ राहते, मुळ्या राहतात, चिखल राहते, पडलेला माणूस काही ना काही धरते. नहरीले सिमेंटचा उतार राहते अन पाण्याच्या रेघेवर शेवाळ. पाणी वरून शांत दिसते अन खालून वढून नेते. पडला त हात लावाले काही भेटत नाही. पुढं कुठं पायऱ्या येतील तिथपर्यंत वाहत जायाचं. आमच्या इकडचा एक बैल असाच गेला. पोहत होता बिचारा, पण निघाले जागाच भेटली नाही.

आम्ही नहरीच्या पाळीवर उभे होतो. मनिषभाऊ खाली उतारापर्यंत गेला अन भूपेंद्रले बोलावलं, इथून फोटो चांगला येते म्हणून. भूपेंद्र गेला. मनिषभाऊनं फोन वर केला. अन भूपेंद्र पाण्याकडे पाहतच राहिला. नुसता पाहून राहिला होता, बाकी काही नाही. पण मले ते पाहणं माहीत आहे. झटका येण्याच्या आधी तो असाच एका जागी पाहते. मी धावलो अन मांगून त्याची कॉलर गच्च धरली. बटन तुटून पाण्यात गेलं.

"का बे," भूपेंद्र म्हणे. साधा आवाज. काही झालं नव्हतं.

मी हात काढला. मनिषभाऊनं फोन खाली घेतला होता.

तो वर येऊन पाळीवर बसला, अन आम्हाले बी बसाले लावलं. आवाज वाढवला नाही त्यानं. बोटावर मोजल्यासारखं एकेक सांगत गेला. गाडी चालवत नाही. साक्षगंधाच्या दिवशी पाहुणे बसलेलेच होते अन नवरदेव आत झोपला होता. रात्री हर्षानं उशिरा फोन केला त उचलत नाही. मुक्काम सगळे रोडाजवळ पाहिजेत. अन नहरीच्या काठावर उभा राहिला त दोस्त कॉलर धरते, तोल जाईन म्हणून.

"जवाईबापू, मी हायवेवरचा माणूस आहो," तो म्हणे. "असे ड्रायव्हर मी ठेवले बी अन काढले बी. रोज पेता ना तुम्ही?"

दुसरी वेळ असती त मले हासू आलं असतं. भूपेंद्रनं जिंदगीत बिअरची बाटली सुंगली नसन. मी त्याच्याकडे पाहिलं. तो लगेच नाही म्हणाला नाही. विचार करून राहिला होता. अन मंग त्यानं मान हालवली.

"हो," म्हणे. "पेतो."

 मनिषभाऊनं श्वास सोडला अन हासला. एवढंच ना, म्हणे, मी त काहीबाही मनात आणून राहिलो होतो. आमच्या घरी कोण पेत नाही, काका पेतात, मी बी बसतो, प्रमाणात पाहिजे. हर्षाले मी समजावीन. पण एवढ्यासाठी माहा रूट कायले खराब केला? माल नावेतच ठेवू, बर्फाच्या पेटीत, दुकानाजवळ थांबाची गरजच नाही. मंग मले म्हणे, बेटावरचे मुक्काम परत टाक. नहर बी टाक. अन गाडीच्या डिक्कीतून बाटली आणाले गेला.

तेवढ्या वेळात मी भूपेंद्रले म्हटलं, हे काय केलं बे तू.

"गप राह्य," तो म्हणे. "पेणाऱ्याच्या बहिणीले स्थळ येते. मिरगीवाल्याच्या बहिणीले कोण करन? रक्तातच आहे म्हणतील."



मनिषभाऊनं प्लास्टिकचे ग्लास भरले. साळा-जवाई पहिल्यांदाच बसून राहिले, आता नाही म्हणाचं नाही, म्हणे. भूपेंद्रनं ग्लास घेतला. रोजच्या सवयीचा असल्यासारखा धरला, तेच मले वाईट दिसत होतं. डॉक्टर काय म्हणाला होता ते मी त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. एखाद्याले एका घोटानं काही होत नाही, एखाद्याले होते, अन आपण कोणते ते पिऊन पाहाची गोष्ट नाही. तो ग्लास वर नेऊन राहिला होता अन नहर तिथंच बाजूले चालली होती.

"त्याले पिता येत नाही," मी म्हटलं. "गोळ्या चालू आहेत."

मनिषभाऊचा हात थांबला. कोणत्या गोळ्या, म्हणे.  मी तेवढंच ठरवून बोललो होतो, पुढचं डोक्यात नव्हतं. मंग भूपेंद्रच बोलला. पिलिया, म्हणजे कावीळ, झाला होता, म्हणे, मागच्या वर्षी.

आता पाहा कसं झालं. दारू कबूल करून बसला होता, त्यावर पिलिया. मनिषभाऊनं लगेच जोडून घेतलं. त्याच्या एका ड्रायव्हरचं असंच झालं होतं, पहिले पिलिया, मंग पोट फुगलं, मंग दवाखान्यात नेला तो परत आलाच नाही. बायको पोरगीच होती अजून. हे त्यानं आम्हाले हळूहळू सांगतलं, ग्लासातलं गवतात सांडवत.

"भूपेंद्र," तो म्हणे. जवाईबापू नाही म्हटलं. "पेणारा पोरगा मी चालवून घेतला असता. लिव्हर गेलेल्याले बहीण कशी देऊ? मी घरी सांगतो."

अन उठून गाडीकडे निघाला.

माह्या दोस्ताचं लग्न अशा बिमारीनं मोडून राहिलं होतं जी त्याले नव्हतीच. मी म्हटलं, बोल काहीतरी. तो पाण्याकडे पाठ करून बसला होता. जाऊ दे, म्हणे. दारूनं मोडलं त मोडलं. नाव माहं एकट्याचं खराब होईन, घराचं नाही.

"अन हर्षाले काय वाटन?" मी म्हटलं. "रोज बोलते तू तिच्यासंग. तिले वाटन का पिऊन बोलत होता."

 गाडी चालू झाल्याचा आवाज आला. काच खाली होती, मनिषभाऊ फोन कानाले लावत होता. तवा भूपेंद्र उठला. मी त्याले एवढ्या जोरात पळताना कधी पाहिलं नाही. मी मांगून पोचलो तोपर्यंत त्यानं खिडकीत दोन्ही हात टाकले होते.

"मले मिरगी आहे," तो म्हणे. "दारू नाही, पिलिया नाही. मिरगी आहे. फोन ठेव मनिषभाऊ, पहिले ऐकून घे."

फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मनिषभाऊनं फोन बंद केला. मंग इंजिन बी.

भूपेंद्रनं सगळं सांगतलं, खिडकीत वाकूनच. कधीपासून आहे, कोणत्या गोळ्या, शेवटचा झटका कधीचा. दहाच्या आत काहून झोपते. साक्षगंधाच्या दिवशी रात्रभराचं जागरण झालं होतं, म्हणून काकूनं त्याले आत नेऊन झोपवलं होतं.  मनिषभाऊ स्टेअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होता. समोरून एक बाई बांधावरून गवताचा भारा घेऊन चालली होती. ती दिसेनाशी झाली तरी तो तिकडंच पाहत होता.

"म्हणून रोड," तो म्हणे. मंग माह्याकडे वळला. "तू दवाखाने पाहून टाकले होते. अन मले दारूची दुकानं दिसली."

मंग तो चिडला. आतापर्यंत नाही चिडला तेवढा. तुमच्या आईनं आमच्या घरी बसून पोरीले चालून दाखवाले लावलं, म्हणे, चष्मा आहे का विचारलं, घरात कोणाले दमा आहे का विचारलं, अन स्वतःच्या पोराचं गिळून बसल्या. ते खरं होतं. भूपेंद्रनं मान खाली घातली. माफी मागतली नाही, कोणती मागाची तेच समजत नसन.

शेवटी मनिषभाऊ म्हणे, मी घरी काही सांगत नाही. हर्षाले तूच सांग. समोर बसून, फोनवर नाही. पुढच्या रविवारी घरचे सगळे आंबागडले नातेवाईकाकडे जाऊन राहिले, ती अन मी घरी राहू. ती काय म्हणन मले माहीत नाही. मी काय म्हणीन ते बी आज विचारू नको. अन रविवारी तू आला नाही त संध्याकाळी मी सांगीन.

 परत आणून त्यानं आम्हाले चौकात सोडलं. जाता जाता मले म्हणे, तो नकाशा पाठव. कोणता, मी विचारलं. तू केलेला, म्हणे.

पाठवला. त्यानं पाहिला, उत्तर दिलं नाही.

आज शनिवार. काकूले अजून माहीत नाही. भूपेंद्रनं मोतीलालकाकाले तेवढं सांगतलं, ते माग थांबवून बसले अन बऱ्याच वेळानं म्हणाले, मी येऊ का संग. भूपेंद्र नको म्हणाला. आता तो माह्या दुकानात येऊन बसला आहे. मी हे टाईप करून राहिलो ते त्याले दिसते, पण तो पाहत नाही. आताच त्यानं विचारलं.

"ती नाही म्हणाली त?"

मी त्याले नाही म्हणणार नाही असं सांगतलं नाही. मले काय माहीत. भेटलो किती डाव मी तिले, दोन डाव. अन गुंजनचं जे तो म्हणत होता त्याले बी माह्याकडे अजून उत्तर नाही. जे माह्या हातात आहे तेवढंच मी त्याले म्हटलं. तू उद्या तिले सांगाले बसशील तवा मी अंगणात थांबीन. ती हो म्हणो का नाही म्हणो, तुह्या डॉक्टरनं जाऊ दिलं त ह्या वर्षी नाव कोरंभीवरून निघन, मनिषभाऊची नसन त आपण दुसरी पाहू. नहरीत जायाचं नाही. तू मधात बसशील, मी मांग. तुह्या लाईफ जॅकेटचे पट्टे रोज सकाळी माह्या हातानं बांधीन. अन नावेतल्या कोणी विचारलं का हे काहून, त साप अन परवानगी सांगणार नाही. जे आहे ते सांगीन.